पातेल्यांना खिडकी

३ मे, शुक्रवार

डोकं फिरलंय. ही वही फिजाच्या शाळेतली उरलेली आहे, पुढची पानं तिच्या गणितांची आणि मागची आता माझी. बोलायला गेले की भांडण होतं, म्हणून लिहिते. हारून उर्दू शाळेतला, माझं दापोलीच्या मराठी शाळेतलं गिचमिड अक्षर त्याला लागत नाही. फिजाला मराठी समजतं पण वाचता येत नाही. तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. इथे मी नुसतं 'हारून' लिहिणार. तेवढी मोकळीक माझी.

झालं असं की सकाळी घरमालकीण मुनीरा वरच्या मजल्यावरून खाली आली. नेहमी खजूर नाहीतर हरीस घेऊन येते, आज रिकाम्या हाताने आली तेव्हाच मी समजले. "सायरा, गराज खलास. मेरा वलद गाडी लिया. ये महिना लास्ट, सब सामान बर्रा." वलद म्हणजे मुलगा, बर्रा म्हणजे बाहेर. माझं सगळं दुकान त्या गॅरेजात आहे. मोठा फ्रीजर, तांदळाची पोती, तेलाचे डबे, वीस माणसांची पातेली, कांद्याच्या जाळ्या. मागच्या अंगणात काय हवं ते ठेव, मफी मुश्किल, काही हरकत नाही, पण गॅरेज रिकामं पाहिजे, असं म्हणाली आणि गाल थोपटून वर गेली.

माझ्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने दारातून बोलावं लागतं. सामान ठेवायला जागा नाही तर माहूज वस्तीत जाणारे माझे जेवणाचे डबे बंद. आणि डबे बंद झाले तर मी या आखाती देशात कोण? नवऱ्याच्या व्हिसावरची बायको, एवढंच. माझ्या डब्यांची चव घेऊन रत्नागिरीची, रायगडची, साताऱ्याची पोरं इथे दिवस काढतात. ते मी कुणाच्या गाडीसाठी सोडणार नाही.

हारूनला सांगितलं, अंगणात एक शेड घ्यायची, महिन्याच्या आत. तो म्हणाला, "बघतंय गो." जन्म कंपनीच्या गोदामात काढलेला हा माणूस. दुसऱ्यांचं सामान कुठे ठेवायचं ते झोपेत सांगेल. बायकोच्या सामानाची वेळ आली की 'बघतंय'.

४ मे, शनिवार

शेड बघायला गेलो होतो. आज मला दुकानात तोंड लपवायची वेळ आली.

बाहेरच्या आवारात शेडी मांडून ठेवल्यात. एक जाड प्लास्टिकची, एक पत्र्याची, एक लाकडी. लाकडी मी लांबूनच सोडून दिली, इथल्या दमट हवेत ती दोन उन्हाळे काढायची नाही. प्लास्टिकची मला पटली. धुता येते, गंजत नाही, दोन झडपांचं दार, फ्रीजर सरळ आत जाईल. दुकानातला इमाद नावाचा सेल्समन गोड बोलत होता, मदाम हे बघा, मदाम ते बघा. मी जवळपास ठरवलंच होतं.

हारून आत शिरला. डोकं वर करून छत बघितलं, हात वर करून बघितलं. मग चप्पल काढली आणि खाली आडवा झाला. सरळ आडवा! पाय लांब करून, हात छातीवर घेऊन. बाहेर एक अरब कुटुंब उभं होतं, त्यांची मुलं हसायला लागली. मी म्हटलं, "अहो, उठा. लोक बघतायत." तर उठून इमादला विचारतो, "इसमे खिडकी नहीं आता?"

पातेल्यांना खिडकी कशाला? त्यांना काय वारा लागतो? मी विचारलं तर म्हणाला, "उन्हाचं आत किती तापतंय, हात लावून बघ." मग तांदळाला ऊन बाधतं, तेल खवट होतं असं काहीतरी लावलं. तांदळाची एवढी काळजी मी याला चोवीस वर्षांत करताना बघितली नाही. विकत न घेताच परत आलो. गाडीत मी एक शब्द बोलले नाही आणि याला ते कळलंसुद्धा नाही.

७ मे, मंगळवार

डबे गेले. हारूनची दुपारची ड्यूटी, जाता जाता माहूजचे डबे तोच पोचवतो. ही माझी लिहायची वेळ.

फिजा सकाळी चहा घेताना म्हणाली, "मम्मा, बडे पप्पाज कंपनी क्लोज्ड डाऊन. अलिना टोल्ड मी." बडे पप्पा म्हणजे माझे मोठे दीर उबेदभाई, इथेच कंपनीत असतात; अलिना त्यांची नात, गावाला असते. या मुली फोनवर सगळं बोलतात. मी म्हटलं, बंद झाली असेल. आपल्याला काय. हारूनकडे बघितलं तर तो पावाचे तुकडे करत बसला होता.

लिहून ठेवते, म्हणजे मलाच आठवण राहील की माझं काही चुकलेलं नाही. शाजियाचं, म्हणजे माझ्या मोठीचं, लग्न ठरलं तेव्हा मुलाकडचे लोक आमच्या माहूजच्या फ्लॅटवर जेवायला आले होते. मी पहाटेपासून राबले होते. उबेदभाई मोठे म्हणून मानाच्या जागेवर बसले. आणि सगळ्यांसमोर काय म्हणाले? "आमच्या हारूनचं बरं आहे. बायको डबे विकते, हा पोचवतो." व्याही हसले. हारून पण हसला. मी हसले नाही. पाहुणे गेल्यावर मी सरळ सांगितलं, माझ्या डब्यांची लाज वाटत असेल तर पुन्हा माझ्याकडे जेवायला येऊ नका. ते उभे राहिले आणि म्हणाले, "अल्लाची कसम, सायराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवणार नाही." गेले ते गेले.

शाजियाचं लग्न हॉलवर झालं, तिथे आले. तिला बाळ झालं तेव्हा दवाखान्यात आले. घरी नाही. आम्ही माहूज सोडून सनदला आलो तर ती कसम सामानाबरोबर आलीच. हारूनला या उबेदभाईंनीच इथला पहिला व्हिसा काढून दिला होता. त्यामुळे हा त्यांच्याविरुद्ध कधी तोंड उघडणार नाही, आणि माझ्याविरुद्धही उघडत नाही. मधल्या मधे खाली मान घालून जेवतो.

१० मे, शुक्रवार

आज सलमाबादला नेलं. दुकानातल्या शेडी याच्या मनात भरत नाहीत म्हणे, मग मापाची बनवून घेऊ. संदेश म्हणून गुहागरचा एक माणूस तिथे केबिनी बनवतो, साइटवर कामगारांच्या ऑफिसाला लागतात तसल्या. दोन पत्र्यांच्या मधे जाड फोम भरलेला. चांगला माणूस, चहा पाजला, वहिनी वहिनी करत होता. त्याच्यावर मला रागावता येईना, म्हणून सगळा राग हारूनसाठी साठला.

मी माझी मागणी सांगितली. आत तिन्ही भिंतींना फळ्या, फ्रीजरची जागा, रुंद दार, दार स्वयंपाकघराच्या बाजूला म्हणजे मला चार पावलांत पातेलं आणता येईल. संदेश मान डोलवत होता. मग हारून सुरू झाला. फळ्या एकाच भिंतीला. खिडकी एक, जाळीची. एसीसाठी भोक. दिव्याचं बटण आत, दाराजवळ. दार स्वयंपाकघराच्या बाजूला नको, मागच्या गल्लीच्या फाटकाकडे. आणि दाराला खालची पट्टी नको, जमिनीला सपाट पाहिजे. "उंबरा बिलकुल नको," असं दोनदा म्हणाला.

"पट्टी नसली तर पावसाचं पाणी आत येईल भाई," संदेश म्हणाला. "येऊ दे," हारून म्हणाला. कालपर्यंत तांदळाला ऊन बाधत होतं, आज पाण्यात भिजला तरी चालेल!

आणि कहर म्हणजे शेवटी खिशातून फोन काढून किबला कुठल्या दिशेला येतो ते बघत बसला. लांबीची भिंत तशी पाहिजे म्हणे. मी म्हटलं, "पातेली नमाज पढणार आहेत का?" संदेश खाली बघून हसला. हारून हसला नाही. "तुला कळायचा नाय," म्हणाला.

मला कळायचं नाही! जेवण माझं, सामान माझं, गिऱ्हाईक माझं, आणि मला कळायचं नाही. परत येताना गाडीत मी सगळं बोलून घेतलं. रिफाच्या सिग्नलपासून घरापर्यंत माझं तोंड थांबलं नाही. त्याने रेडिओसुद्धा लावला नाही. नुसतं ऐकलं. याच्यावर जास्त चीड येते.

१४ मे, मंगळवार

माहूजला एक नवं गिऱ्हाईक धरलंय हारूनने. कोण, काय, काही सांगत नाही, "हाय एक माणूस." बरं, त्या माणसाच्या तऱ्हा किती. भात नको, तांदळाची भाकरी एकच, मीठ बेताचं, तिखट कमी, गोड अजिबात नको. मी काय इस्पितळ चालवते? एवढ्या डब्यांत याच्या एकट्यासाठी वेगळं सालन काढायचं. आज साफी मासे मिळाले होते ताजे. त्याच्या वाटणीचे दोन तुकडे तिखटाआधी बाजूला काढले. काढले खरे, पण मनातून शिव्या घालून.

डबा मात्र धुऊन, पुसून परत येतो. बाकीची पोरं हाडं तशीच ठेवून पाठवतात.

१५ मे, बुधवार

केबिनीला आत उशाशी एक छोटी फळी पाहिजे असं हारून फोनवर संदेशला सांगत होता. उशाशी. मी कपडे वाळत घालत होते, कानांनी ऐकलं.

१९ मे, रविवार

आता मला सगळं समजलं. तो तिकडे राहायला जाणार आहे.

खिडकी, एसी, नमाजाची दिशा, उशाची फळी, दार माझ्या नजरेआड. आडवा होऊन बघितलं ते स्वतःच्या मापासाठीच. माझ्या तोंडाला कंटाळलाय. वेगळं व्हायचं धाडस नाही, गावाला तोंड दाखवायचंय, म्हणून अंगणात वेगळी खोली करतोय, आणि ती माझ्या पातेल्यांच्या नावाने. रोज शिफ्टवरून येईल, मागच्या फाटकाने आत जाईल, दिवा बंद करेल. आणि मी आत फिजाबरोबर जेवण झाकून बसेन.

मी वाईट बोलते, मला माहीत आहे. पण मी बोलते, आणि ज्याच्याशी बोलते तो माझा आहे म्हणून बोलते. दुसऱ्या कुणावर मी एवढा घसा कशाला फोडेन?

सकाळी धीर करून विचारलं. "ती केबिन कुणासाठी आहे? खरं सांगा." भाजी निवडायची थांबवून विचारलं. तो म्हणाला, "वेळ आली की सांगतंय. इंशाल्ला." मी म्हटलं, "वेळ आली की म्हणजे मी मेले की?" फिजा खोलीतून ओरडली, "मम्मा, इट्स जस्ट अ शेड!"

जस्ट अ शेड. हिला सांगून काय उपयोग. आज सगळ्यांच्या डब्यात मीठ जास्त पडलं. कुणाची तक्रार आली तर हारूनच्या अंगावर ढकलेन.

२४ मे, शुक्रवार

भांडी तशीच टाकून लिहिते.

सकाळी ट्रकवरून केबिन आली. क्रेनने भिंतीवरून उचलून अंगणात ठेवली. मुनीरा वरून टाळ्या वाजवत होती. पांढरी स्वच्छ, खिडकीला निळी चौकट. मला बघवत नव्हती. हारून जुम्याच्या नमाजाला गेला आणि संदेश आत स्क्रू पिळत राहिला. मी त्याला सरबत द्यायला गेले.

ग्लास घेताना तो म्हणाला, "वहिनी, मोठ्या भाईंना सांगा, एसीचं पाणी मागच्या बाजूला काढलंय, त्यांच्या बिछान्याकडे येणार नाही. त्या दिवशी काळजी करत होते."

"कुठले मोठे भाई?"

"उबेदभाई. हारूनभाईंबरोबर आले होते ना वर्कशॉपला, उंची बघायला. खोकत होते बिचारे."

ग्लास त्याच्या हातात होता म्हणून वाचला. माझ्या हातात असता तर मी तो फोडला असता.

हारून टोपी घडी करत फाटकातून आला आणि मी अंगणातच त्याला धरला. संदेशसमोर. मुनीरा वरून ऐकत असेल, ऐकू दे, तिला मराठी कुठे येतं.

"भाऊ कुठे आहे तुमचा?"

त्याने टोपी खिशात घातली. मग म्हणाला, "माहूजला. लाँड्रीच्या मागच्या खोलीत. कंपनीने खोली काढून घेतली. दुसऱ्या कंपनीचा व्हिसा लागेपर्यंत."

"लाँड्रीत? इस्त्रीच्या वाफेत? साखरेचा माणूस?" हे विचारता विचारताच मला दुसरं कळलं. एक भाकरी, मीठ बेताचं, गोड नको. "आणि तो डबा?"

"त्यांचाच."

ज्या डब्यांना भर पंक्तीत नावं ठेवली, ते डबे ते खात होते, आणि मी वेगळं सालन काढत होते, आणि हा मधे उभा राहून दोघांना फसवत होता. मी म्हटलं, "मला एका शब्दाने विचारलंत?"

"तू काय म्हणाली असतीस?"

"काय म्हणाले असते ते मला म्हणू तरी द्यायचं होतं! तुम्हीच ठरवलंत मी कशी आहे ते. चोवीस वर्षं माझ्या हातचं खाऊन तुम्हाला वाटलं की मी एका आजारी माणसाला हाकलेन. आणि भावाला ठेवणार कुठे होता तुम्ही? माझ्या कांद्याच्या जाळ्यांबरोबर? घरात तीन खोल्या आहेत आपल्या! शाजियाची खोली रिकामी पडलीये, तिच्यात इस्त्रीचं टेबल झोपतं."

"ते आत यायचे नायत, सायरा. कसम हाय. तुझ्या उंबऱ्याची." मग जमिनीकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "केबिनीला उंबरा नाय."

म्हणजे ही याची हुशारी! अल्लाला फसवायला निघाला होता, संदेशकडून एक पट्टी कमी करून. मी काय बोलले ते लिहीत नाही. संदेशने हत्यारं गोळा केली आणि जेवायला न थांबता गेला.

पण एक लिहिते. राहायला हा स्वतः जाणार नव्हता हे कळलं तेव्हा मी केबिनीच्या कडेवर बसले. का ते त्याला कळलं नाही. त्याला वाटलं मी रागाने बसले. रागाने पण होतेच.

२५ मे, शनिवार

उबेदभाई आले. मागच्या फाटकाने, एक बॅग आणि एक उशी. मी खिडकीतून बघितलं. माणूस अर्धा झालाय. शर्ट खांद्यावरून उतरतोय. मी बाहेर गेले नाही, त्यांनी घराकडे बघितलं नाही. फिजा पाणी देऊन आली आणि म्हणाली, "इट्स लाइक अ सॉना इन देअर." एसी अजून बसवलेला नाही; उबेदभाईंनी जन्मभर एसीच बसवले, पण आता त्यांना तो उचलवत नाही, आणि बसवणारा 'बुकरा' म्हणतोय. बुकरा म्हणजे उद्या, आणि इथला उद्या कधी उगवेल ते कुणी सांगू शकत नाही.

हारूनने आत येऊन विचारलं, जेवण बाहेर नेऊ का? मी म्हटलं, तुमचं पण घेऊन जा. नेलं. दोघे भाऊ पंख्यासमोर बसून जेवले.

२७ मे, सोमवार

दोन दिवस बघितलं. पुरुष दोन आणि डोकं एकाला नाही. आज डबे गेल्यावर ताट वाढलं आणि मीच घेऊन गेले.

आत पाऊल टाकलं तर भट्टी. टेबलफॅन गरम वारा फेकत होता. उबेदभाई खाटेवर बनियनवर बसले होते, मला बघून शर्ट शोधायला लागले. मी डोक्यावरून ओढणी सारखी केली आणि ताट ठेवलं.

"ठेव. जा तू," ते म्हणाले.

"जात नाही." मी तांदळाच्या पोत्यावर बसले. एका भिंतीला माझं सामान लागलंच होतं.

ते जेवले नाहीत, मी उठले नाही. घाम माझ्या डोळ्यांत जात होता. मग ते म्हणाले, "तुला बीपी आहे. आत जा."

"तुम्हाला साखर आहे. तुम्ही आत चला."

"कसम घेतलेली आहे मी."

मग मी माझ्या मामूंची गोष्ट सांगितली. मामू तोंडाळ. रागावले की लगेच अल्लाची कसम, अमक्याच्या घरी जाणार नाही, तमक्याशी बोलणार नाही. आणि राग उतरला की मामी निमूटपणे मोठं पातेलं चढवायची. दहा गरिबांना जेवण, की कसमेचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त झालं, माणूस मोकळा. "आमच्या वाडीतले गरीब मामूंच्या रागावर धष्टपुष्ट झाले," मी म्हटलं. "दहा माणसांचं जेवण म्हणजे मला काय मोठं आहे? एवढी केबिन बांधली दोघांनी मिळून, आणि हे सुचलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"सुचलं नाही असं वाटतं तुला? पहिल्याच वर्षी दहा जणांना जेवण देऊन मोकळं होता आलं असतं. पुढे काय? तुझ्या दारात उभं राहायचं कुणाच्या भरवशावर? जेवायला येऊ नका म्हणून तू सांगितलं होतंस."

मला आणखी राग आला. मनात होतं की म्हणावं, आधी ते बोललात त्याचं काय? हसवलंत सगळ्यांना माझ्यावर, त्याचं काय? पण समोर त्यांचा हात होता, ताटाच्या कडेवर, आणि तो कापत होता. साखर उतरली होती. मी भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला आणि ओरडले, "आधी जेवा! मग भांडा माझ्याशी!"

जेवले. ताट उचलताना मी सांगितलं, "दहा डबे शुक्रवारी. तुमच्या नावाने मी घालते, हो म्हणा." ते हो म्हणाले. "कांदा तुम्ही चिरायचा." त्यालाही हो म्हणाले.

३१ मे, शुक्रवार

पहाटेपासून उभी आहे, कंबर मोडली. उबेदभाईंनी अंगणात बसून कांदा चिरला. जाड जाड, एक फाक बोटाएवढी. मी म्हटलं, हा काय कांदा आहे? ते म्हणाले, मी एसीवाला आहे, आचारी नाही. मी परत बारीक केला. कोलंबीचं सालन, भात, डाळ, एकेक अंडं. दहा डबे भरले, बिसमिल्ला म्हटलं आणि दोघे भाऊ गाडीत बसून गेले. माहूजच्या त्या लाँड्रीच्या गल्लीतच दिले. तिथल्या इस्त्रीवाल्यांना, झाडूवाल्यांना. हारून सांगत होता, तिथली माणसं उबेदभाईंना सोडत नव्हती.

मधल्या वेळात मी आणि फिजाने गॅरेज रिकामं केलं. मुनीराच्या मुलाने फ्रीजर ढकलायला हात लावला, निदान तेवढी लाज त्याला आहे. केबिनीतली खाट काढून शाजियाच्या खोलीत लावली आणि फ्रीजर तिच्या जागी गेला. संदेशला फोन करून दुसऱ्या दोन भिंतींनाही फळ्या मारायला सांगितलंय, आणि दाराला खालची पट्टीसुद्धा.

गाडी आली. हारून आत आला, हात धुतले, जेवायच्या दस्तरखानावर बसला. उबेदभाई आले नाहीत. मी पातेल्यातून सालन काढत होते. फिजा म्हणाली, "मम्मा, ही'ज जस्ट स्टँडिंग देअर."

मी डाव हातात घेऊन बाहेर आले. दार सताड उघडं होतं. उबेदभाई चपला काढून, पाय जुळवून बाहेरच्या फरशीवर उभे होते. फरशी तापलेली, तळवे भाजत असणार. दहा माणसं जेवून झाली होती, कसम सुटली होती, आता त्यांना अडवणारी कसम नव्हती. मी होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराच्या चौकटीकडे बघत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या दिवसाचं. एक शब्द. मी थांबले. त्यांनाही वाटत असेल मी काहीतरी बोलेन. हारून हातात घास घेऊन तसाच बसला होता.

माफ केलं असं मला म्हणता येत नव्हतं, कारण केलं नव्हतं. अजूनही केलेलं नाही.

"आत या," मी म्हटलं. "आणि दार लावून घ्या, एसीचा गारवा सगळा बाहेर चाललाय."

त्यांनी बिसमिल्ला म्हणून उजवा पाय आत टाकला. दार नीट लावलं, कडी घातली, आणि कुठे बसायचं ते कळेना म्हणून उभेच राहिले. मी हारूनला म्हटलं, सरका जरा.

जेवणं झाल्यावर मी गावाला फोन लावला. महमुदाभाभींना, उबेदभाईंच्या बायकोला. कसम झाली त्या दिवसापासून आमचं बोलणं नव्हतं. आवाज ओळखून घाबरल्याच, "काय झालं गो? बरे आहेत ना?"

"बरे आहेत. माझ्याकडे आहेत."

"हो, हारून म्हणाला होता. अंगणात काहीतरी..."

"अंगणात नाही. आत. शाजियाच्या खोलीत झोपलेत."

पलीकडून मग रडणं ऐकू आलं. मी म्हटलं, "भाभी, रडायचं काय त्यात? फोन ठेवा, माझी भांडी पडलीत." आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.